हुशार आहे हो, पण अभ्यासच करत नाही: शाबासकी देण्याआधी काय करावं

दर जूनमध्ये माझ्या दारात एक वाक्य येतं. आणणारे आईबाप वेगळे, वाक्य तेच. "हुशार आहे हो ताई, पण अभ्यासच करत नाही." सांगताना चेहऱ्यावर काळजी थोडी आणि कौतुक जास्त असतं. पोरगं बाजूला उभं असतं, दप्तराच्या पट्ट्याशी चाळा करत, आणि एकूण एक शब्द ऐकत असतं.

मी इचलकरंजीत घरीच शिकवणी घेते, तिसरी ते सहावीची. बारा वर्षं होतील. सुरुवातीची तीन-चार वर्षं हे वाक्य मीही मुलांना ऐकवायचे. "तू हुशार आहेस रे, जरा मनावर घेतलंस तर पहिला येशील." एवढं म्हटलं की पोराला चेव येईल, अशी माझी समजूत. चेव काही यायचा नाही. का, ते कळायला मुलाच्या जागी बसून हिशेब मांडावा लागतो. अभ्यास न करता 'हुशार' ही पदवी त्याच्या खिशात आहेच. उद्या जीव तोडून अभ्यास केला आणि तरी साठच पडले, तर पदवी गेली. मग वही उघडायचीच कशाला? आळशी म्हणवून घेणं परवडतं, ढ म्हणवून घेणं परवडत नाही. अशा हिशेबात पोरं कच्ची नसतात.

पाच ते बारा वर्षांच्या मुलांचे आईबाप आणि नुकतेच शिकवायला लागलेले शिक्षक, या दोघांसाठी हे लिहितेय. पायऱ्या क्रमानेच घ्या. पहिली वगळायचा मोह होतो, कारण त्यात करण्यासारखं काही दिसत नाही. ती वगळलीत तर पुढच्या सगळ्या वाया जातात.

पहिली पायरी: आठवडाभर फक्त स्वतःचं ऐका

जुन्या कॅलेंडरचं एक पान उलटं करून फ्रिजवर चिकटवा. चार खाने पाडा. पहिला मुलाविषयी: हुशार, आळशी, शहाणी, धांदरट, ढ. दुसरा निकालाविषयी: किती पडले, कितवा आलास, दोन मार्क कुठे गेले. तिसरा कामाविषयी: त्याने काय केलं, कसं केलं, पुढे काय करता येईल. चौथ्या खान्याचं नाव 'न बघता'. भाजी परतता परतता, मोबाईलवर बोट फिरवता फिरवता जे "छान", "मस्त", "गुड" तोंडातून निघतं ते सगळं इथे.

बोललात की रेघ ओढा. बोलणं बदलायचा प्रयत्न या आठवड्यात करू नका. फोनवर बहिणीशी मुलाबद्दल जे बोलता तेही धरा. मूल आतल्या खोलीत असलं तरी कान बाहेरच असतात.

मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा चौथा खाना गच्च भरला. तिसऱ्यात दोनच रेघा होत्या, आणि त्यातली एक "पेन्सिल नीट धर" याची होती. मी बाई म्हणवून घेत होते आणि मुलांच्या कामाबद्दल त्यांच्याशी जवळजवळ बोलतच नव्हते.

घरात मुलगा आणि मुलगी दोन्ही असतील तर दोन पानं लावा. शिकागोच्या एलिझाबेथ गंडरसन आणि सहकाऱ्यांनी ५३ मुलांचं त्यांच्या घरात, रोजच्या व्यवहारात चित्रीकरण केलं होतं. मुलं तेव्हा साधारण सव्वा ते तीन वर्षांची. अभ्यास कौतुकाचा आहे हे आईबापांना माहीत नव्हतं. पाच वर्षांनी पुन्हा त्याच मुलांना गाठलं, तेव्हा लहानपणी ज्यांच्या कौतुकात कामाचं आणि प्रयत्नाचं प्रमाण जास्त होतं, ती मुलं अवघड गोष्टींना भिडायला जास्त तयार दिसली. २०१३ सालचा हा अभ्यास मला लक्षात राहिला तो मात्र दुसऱ्याच आकड्यासाठी. मुलग्यांना मिळालेल्या कौतुकात सुमारे २४ टक्के कौतुक असं कामाचं होतं, मुलींच्या वाट्याला सुमारे १० टक्के. कौतुक एकूणात दोघांना सारखंच मिळत होतं. आपल्याकडे कुणी मोजलं तर काय निघेल, याचा अंदाज 'गुणाची पोर', 'शहाणी बाळी', 'समजूतदार' हे शब्द कुणासाठी राखून ठेवलेत त्यावरून करा.

दुसरी पायरी: 'हुशार' शब्दाला जरा जपून वापरा

१९९८ साली अमेरिकेत क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक या दोघींचे पाचवीच्या मुलांवरचे प्रयोग प्रसिद्ध झाले. मुलांना आकृत्यांची कोडी दिली होती, नक्षीतली रिकामी जागा कोणत्या तुकड्याने भरेल अशा धाटणीची. पहिला संच बेताचा सोपा. झाल्यावर प्रत्येकाला सांगितलं, छान सोडवलीस, बरीच बरोबर आली. तिथून पुढे फक्त एका वाक्याचा फरक. काहींना म्हटलं, तू हुशार असणार. काहींना म्हटलं, तू चांगली मेहनत घेतली असणार. काहींना पुढे काहीच नाही.

मग विचारलं, आता कसली कोडी देऊ? मेहनतीचं कौतुक झालेल्या दहातल्या नऊ मुलांनी जिथे शिकायला मिळेल अशी मागितली, चुका होणार असल्या तरी. 'हुशार' मुलांतली सुमारे दोनतृतीयांश मुलं आपली हुशारी दिसत राहील अशा कोड्यांकडे वळली. त्यानंतर सगळ्यांना मुद्दाम अवघड संच दिला. बहुतेकांचे हात टेकले. आणि शेवटी पुन्हा पहिल्याइतकाच सोपा. आता 'हुशार' मुलांची कामगिरी पहिल्यापेक्षा खाली आली होती, मेहनतवाल्यांची वर गेली होती. कोडी तितकीच सोपी, मुलं तीच, मध्ये फक्त एकदा आपटी खाल्लेली.

यातला सगळ्यात बोचरा भाग पुढे आहे. दुसऱ्या शाळेतल्या अनोळखी मुलांसाठी आपला अनुभव लिहायचा होता, त्यात आपले गुणही नोंदवायचे होते. 'हुशार' गटातल्या दहातल्या जवळजवळ चौघांनी गुण वाढवून लिहिले. ज्यांना आपण कधी भेटणार नाही, त्यांच्यापुढेसुद्धा. दुसऱ्या दोन गटांत हे प्रमाण तेरा-चौदा टक्क्यांच्या आसपास होतं. २०१७ साली चीनमध्ये तीन आणि पाच वर्षांच्या पोरांबरोबर पत्ते ओळखायचा खेळ खेळून बघितला, तेव्हाही "तू हुशार आहेस" ऐकलेल्यांनी जास्त चोरून पाहिलं. "या वेळी छान खेळलास" ऐकलेल्यांनी कमी.

शिकवणीत उत्तरं मागच्या पानावरून उतरवणारी मुलं कोण असतात हे आठवून पाहिलं, तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. ढ ठरलेली क्वचित. बहुतेक पहिल्या बाकावरची.

तरी हा शब्द घरातून हद्दपार करू नका. पोराला मांडीवर घेऊन "माझा हुशार बाळ" म्हणालात तर काही बिघडत नाही, ती माया आहे आणि पोराला ते कळतं. अडचण येते ती निकालाला चिकटून हा शब्द आला की. पेपर हातात आहे, ९२ पडलेत, आणि त्या क्षणी तुम्ही म्हणता "हुशार आहेस". मुलाला आपोआप उरलेलं वाक्यही ऐकू येतं: ५२ पडले असते तर नसतो.

तिसरी पायरी: वही हातात घ्या, मग तोंड उघडा

माझ्या मते सगळी गोष्ट इथेच आहे. बाकीच्या पायऱ्या हिच्या आगेमागे.

चौथीतल्या एका मुलीचं उदाहरण सांगते. भागाकाराची दहा गणितं दिली होती. सात बरोबर, तीन चूक. जुनी मी असते तर १० पैकी ७ लिहून "छान, अजून सराव कर" म्हटलं असतं आणि पुढची वही ओढली असती. त्या दिवशी पाऊस होता, चारच मुलं आली होती, वेळ होता. म्हणून चुकलेली तीन नीट बघितली. ८१६ भागिले ४, उत्तर लिहिलं होतं २४. बाकीची दोनही तशीच. आठाला दोनचा भाग बरोबर दिला होता. मग एक खाली घेतला, एकाला चारचा भाग जात नाही म्हणून लगेच सहा खाली घेतला, सोळाला चारचा भाग दिला. फक्त मध्ये शून्य लिहायचं राहिलं होतं. उत्तर २०४ हवं, आलं २४.

म्हणजे या मुलीला भागाकार येत होता. भाग देणं, गुणणं, वजा करणं, खाली घेणं, सगळं जागच्या जागी. एक गोष्ट सुटत होती, आणि ती तिन्ही वेळा तीच होती. मी तिला म्हटलं, "भाग आणि वजाबाकी एकही चुकलेली नाही. तिन्ही ठिकाणी एकच गोष्ट राहिलीय. ताळा करून बघ, कुठली ते सापडेल." तिने २४ ला ४ ने गुणलं. ९६ आले. ८१६ कुठे आणि ९६ कुठे! ती स्वतःशीच हसली आणि खोडरबर शोधायला लागली.

यात मी शाबासकी दिली का? तिला तरी तसं वाटलं. घरी जाऊन आईला "बाई म्हणाल्या मला भागाकार येतो" असं सांगितलं. आणि चूक दाखवली का? तीही दाखवली. वही बघून बोललं की या दोन गोष्टी वेगळ्या राहतच नाहीत.

नवख्यांसाठी काही वाक्यं देते. पाठ करू नका, धाटणी बघा.

"कालच्यापेक्षा आज तू न थांबता वाचलंस, जोडाक्षराला फक्त एकदा अडखळलास."
"पहिली रीत जमेना तेव्हा तू आकृती काढून बघितलीस. ते कसं सुचलं?"
"हा परिच्छेद वाचताना मला तुझ्या गावची जत्रा दिसली. इथे मात्र कोण कुणाला बोलतंय ते कळलं नाही."

अक्षर हा आपल्या घरांतला कायमचा भांडणाचा विषय. "कोंबडीचे पाय" म्हणून कुणाचं अक्षर सुधारल्याचं मी पाहिलेलं नाही. त्याऐवजी एक पान लिहून झालं की मुलालाच सांगा, यातला तुला सगळ्यात बरा वाटणारा 'क' शोध आणि त्याला गोल कर. मग विचारा, हाच का? "याचा काना सरळ आलाय," "हा ओळीला टेकलाय," असं काहीतरी ते सांगतं. आता परीक्षक तेच झालं. दुसऱ्या दिवशी गोल करण्यासारखे दोन 'क' निघतात.

चित्राच्या बाबतीत दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली झोपडी आणि नदी हे चित्र बघून बघून डोळे थकलेले असतात हे मान्य. तरीही काहीतरी त्याचं स्वतःचं असतंच. नदीत म्हैस असेल. तिच्याबद्दल विचारा.

एक बाबा आहेत, कापडाच्या मेंडिंगला जातात. पोराच्या वहीबद्दल काय बोलावं तेच कळत नाही म्हणाले, "मी सातवी नापास, मॅडम." मी विचारलं, ठाण आलं की तुम्ही काय करता? म्हणाले, उजेडाला धरतो, कुठे दोरा तुटलाय, कुठे गाठ आलीय ते बघतो, खूण करतो. नुसतं "कापड भिकार" म्हणून परत पाठवता का? हसले. आता ते रोज रात्री वही उजेडाला धरतात. गणित त्यांना अजूनही येत नाही. "हे कसं केलंस, मला सांग" एवढंच म्हणतात, आणि पोरगं समजावून सांगता सांगता स्वतःची चूक पकडतं.

चौथी पायरी: चुकल्यावर आधी स्वतःचा चेहरा सांभाळा

शाबासकीपेक्षा ही पायरी अवघड आहे. काइला हायमोविट्झ आणि ड्वेक यांनी २०१६ साली दाखवलं, की बुद्धी वाढते की वाढत नाही याबद्दल आईबाप मनात काय मानतात हे मुलांना फारसं कळत नाही. अपयश आल्यावर आईबाप काय करतात, ते मात्र लख्ख दिसतं. घाबरतात, की "बघू या काय झालं" म्हणतात? मूल तिथून शिकतं.

आपल्याकडे समजूत घालायची एक लाडकी रीत आहे. "जाऊ दे रे, मलाही गणित यायचं नाही. आपल्या घराण्यातच गणित नाही." बोलणारी आई मायेने बोलते. मुलाला ऐकू येतं की इथे काही होण्यासारखं नाही. अनीता रतन आणि सहकाऱ्यांच्या २०१२ सालच्या अभ्यासात नेमकं हेच आढळलं: सगळ्यांनाच गणित जमतं असं नाही, अशी सांत्वनाची भाषा ऐकलेल्या विद्यार्थ्यांचा हुरूप कमी झाला. शिक्षकाला आपल्याकडून फारशी अपेक्षा नाही, असा अर्थ त्यांनी काढला. रागावण्यापेक्षा कीव जास्त लागते, हे आपल्यालाही लहानपणापासून ठाऊक आहे.

मग म्हणायचं काय? आधी थोडं गप्प बसायचं. पाणी प्यायला द्यायचं. मग पेपर उघडून शेजारी बसायचं, समोर नाही. "दोन मार्क कुठे गेले?" हे वाक्य खरं तर चांगलं आहे, फक्त ते विचारून उत्तराची वाट बघायला हवी. ते दोन मार्क कुठे गेले ते खरंच शोधायचं: प्रश्न वाचायचा राहिला, एकक लिहायचं राहिलं, की ती गोष्ट कळलीच नव्हती? तिघांवर उपाय तीन वेगळे. "लक्ष नसतं तुझं" हे तिघांनाही लागू पडत नाही.

वहीवर बऱ्याच दुरुस्त्या करून परत देणार असाल तर आधी एक ओळ लिहा. डेव्हिड येगर आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सातवीच्या मुलांच्या निबंधांवर शिक्षकांनी शेरे लिहिले आणि सोबत एक चिठ्ठी जोडली. काहींच्या चिठ्ठीत होतं, की तुझ्याकडून माझी अपेक्षा मोठी आहे आणि ती तू पुरी करशील याची खात्री आहे, म्हणून हे शेरे लिहिले. बाकीच्यांच्या चिठ्ठीत साधा मजकूर होता. पहिली चिठ्ठी मिळालेल्यांपैकी जास्त मुलांनी निबंध पुन्हा लिहून आणला, आणि सगळ्यात मोठा फरक पडला तो कृष्णवर्णीय मुलांत, म्हणजे शिक्षक आपल्याला कमीच लेखतात असं वाटायला ज्यांच्याकडे कारण होतं त्यांच्यात. आपल्या वर्गात अशी मुलं कोण, हे प्रत्येक शिक्षकाने मनातल्या मनात ठरवावं. माझ्याकडे ती शेवटी येऊन दाराजवळ बसतात.

पाचवी पायरी: आकडा आणि शेरा एकत्र देऊ नका

रूथ बटलर यांनी १९८८ साली इस्रायलमध्ये केलेला प्रयोग प्रत्येक शिक्षकाने एकदा तरी करून बघण्यासारखा आहे. काही मुलांना फक्त शेरा दिला, काहींना फक्त गुण, काहींना दोन्ही. शेरा मिळालेल्यांची गोडी टिकली, काम सुधारलं. दोन्ही मिळालेल्यांचं? फक्त गुणवाल्यांसारखंच. आकडा दिसला की शेरा कुणी वाचत नाही.

मी आता वही देताना फक्त शेरा लिहिते. मूल दुरुस्ती करून आणतं, तेव्हा गुण देते. पालकांनी सुरुवातीला कुरकुर केली, एक आई तर "मग मला कळणार कसं?" म्हणाल्या. मी म्हटलं, शेरा वाचून. आम्ही दोघी जरा वेळ एकमेकींकडे बघत राहिलो.

आपल्या राज्यात २०१०-११ पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, त्यातल्या वर्णनात्मक नोंदींमागे विचार हाच होता. मूल काय करतं ते शब्दांत लिहा. पुढे काय झालं ते शिक्षकांना वेगळं सांगायला नको. तयार नोंदींच्या विषयवार याद्या मोबाईलवर फिरू लागल्या, आणि "गणितीय क्रिया अचूक करतो" हे एकच वाक्य वर्गातल्या निम्म्या प्रगतिपुस्तकांवर उतरलं. चाळीस मुलं आणि वर ऑनलाइन माहिती भरायचा ढीग, यात दोष एकट्या शिक्षकाचा नाही. तरी नव्या शिक्षकांना एक सुचवते: महिन्यातून पाचच मुलांची नोंद स्वतःच्या शब्दांत लिहा. "भागाकारात शून्य द्यायला आता विसरत नाही, शाब्दिक उदाहरणात भागायचं की गुणायचं ते ठरवताना अडते." वर्षभरात सगळा वर्ग होतो.

सहावी पायरी: आमिष दाखवायचं असेल तर विचार करून

"ऐंशीच्या वर पडले तर सायकल." पहिली सायकल येते, पुढच्या वर्षी मोबाईलची बोली लागते. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी १९७३ साली स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत रंगीत मार्करने चित्रं काढायची आवड असलेली मुलं निवडली. काहींना आधी सांगितलं, चित्र काढलंत तर सोनेरी चांदणी आणि फीत लावलेलं प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना ते शेवटी न सांगता दिलं, काहींना दिलंच नाही. एक-दोन आठवड्यांनी मार्कर पुन्हा टेबलावर ठेवले, तेव्हा बोलीवर चित्र काढलेली मुलं इतरांच्या जवळजवळ निम्माच वेळ तिथे रमली. अवचित बक्षीस मिळालेल्यांची आवड कमी झाली नव्हती.

यातून घरी घ्यायचं ते एवढंच, की मूल जे आपण होऊन करतंय त्यावर बोली लावू नका. गोष्टींची पुस्तकं स्वतःहून वाचणाऱ्या पोराला "पुस्तकामागे दहा रुपये" देऊ नका. जे मुळीच आवडत नाही आणि करायलाच हवं, तिथे छोट्या चांदणीने गाडी सुरू झाली तर मी डोळेझाक करते. आणि झाल्यावर सगळ्यांनी मिळून भेळ खाल्ली तर तो आनंद आहे, व्यवहार नाही.

सातवी पायरी: मेहनतीचं खोटं कौतुक करू नका

इथपर्यंत वाचून पालक उत्साहाने घरी जातात आणि सगळ्यालाच "किती मेहनत घेतलीस!" म्हणायला लागतात. मग आणखी घोटाळा. पाच मिनिटांत झालेल्या गणिताला मेहनत म्हटलं की मुलाला वाटतं, यांना मी मंद वाटतो की काय? सोपं गेलं असेल तर सरळ म्हणा, "हे तुला सोपं गेलं, थोडं अवघड देते."

दुसरा घोटाळा हरल्यावरचा. "जाऊ दे, प्रयत्न तर केलास." हे बक्षीस समारंभातल्या उत्तेजनार्थसारखं आहे, घेणाऱ्याला माहीत असतं. चुकीच्या रीतीने तीन तास घासणाऱ्या मुलाला "अजून मेहनत कर" सांगणं हा तर छळ आहे. त्याला दुसरी रीत हवी. खुद्द ड्वेक यांनीही पुढे तक्रार केली, की लोकांनी त्यांच्या कामाचा अर्थ 'फक्त प्रयत्नांचं कौतुक करा' असा सोपा करून घेतला. प्रयत्न, रीत, मदत मागणं आणि त्यातून काय शिकलं, हे सगळं मिळून ते होतं.

तिसरा घोटाळा भारी विशेषणांचा. नेदरलँड्समध्ये एडी ब्रूमेलमन आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली दाखवलं, की ज्या मुलांना स्वतःबद्दल आधीच कमीपणा वाटतो, त्यांना मोठी माणसं जास्त फुगवून शाबासकी देतात. आणि "अफाट सुंदर चित्र" ऐकून नेमकी तीच मुलं पुढचं अवघड काम टाळतात. नुसतं "सुंदर" ऐकलं तर टाळत नाहीत. अफाटची उंची रोज कोण गाठणार? बुजऱ्या मुलाशी हळू आवाजात, बेताचं आणि खरं बोला.

किती फरक पडतो?

थोडा. हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर चार दिवसांनी तुम्ही माझ्या नावाने बोटं मोडाल. अमेरिकेत नववीच्या सुमारे १२,००० मुलांना बुद्धी सरावाने वाढते हे समजावणारा, तासाभराहून कमी वेळाचा ऑनलाइन पाठ दिला होता. २०१९ साली आलेल्या त्याच्या निकालात मागे पडणाऱ्या मुलांची सरासरी श्रेणी चार गुणांच्या पट्टीवर ०.१० ने वाढली. आदल्याच वर्षी बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा घेणाऱ्यांना एकूण परिणाम फारच किरकोळ दिसला होता. म्हणून वर्गात 'मी करू शकतो'ची पोस्टरं लावून, ग्रोथ माइंडसेटची, म्हणजे बुद्धी सरावाने वाढते या विचाराची, कार्यशाळा घेऊन मुलं बदलतील अशी आशा मी ठेवत नाही. ८१६ भागिले ४ मधलं शून्य पोस्टर सांगत नाही.

शेवटची पायरी: आजी-आजोबा, काका, शेजारी

तुम्ही हे सगळं जपाल आणि दारात आलेला काका विचारेल, "काय, कितवा नंबर?" त्याच्याशी वाद घालू नका. आधीच मुलाशी ठरवून ठेवा की असं विचारलं तर काय सांगायचं. माझी एक विद्यार्थिनी ठणकावून सांगते, "नंबर नाही माहीत, पण काका, तुम्हाला दशांश अपूर्णांकांची बेरीज येते का?" काका विषय बदलतात. कुटुंबाच्या ग्रुपवर प्रगतिपुस्तकाचा फोटो टाकायची खाज मात्र तुमची तुम्हालाच आवरावी लागेल. मावसभावाचे ९६ तिथेच, त्याच फोटोखाली येऊन पडतात.

आजीला बदलायला तर मुळीच जाऊ नका. आमच्या सासूबाई माझ्या लेकीला दिवसातून वीस वेळा "गुणाची गं माझी बाय" म्हणतात आणि मी एकही रेघ ओढत नाही. परवा लेकीने शाळेतून चित्र आणलं. सासूबाई माळ ओढता ओढताच म्हणाल्या, "वा गं माझी चित्रकार!"

"आजी, तू बघितलंच नाहीस," लेक म्हणाली.

सासूबाईंनी माळ बाजूला ठेवली आणि मला विचारलं, "माझा चष्मा कुठाय गं?"